टाइल्सच्या आधी बोर्ड

घोटी-इगतपुरीच्या पट्ट्यात घराचं काम कधी चालायचं आणि कधी थांबायचं, हे पाऊस ठरवतो. जून लागला की बांधकाम थंडावतं. जुलैत भाताची आवणी सुरू झाली की मजूर शेतावर जातात. भात सोंगून, झोडून गिरणीला लागलं की दिवाळीच्या मागेपुढे कामं पुन्हा निघतात आणि उन्हाळ्यातल्या मुहूर्तापर्यंत नुसती धावपळ चालते. ओटा, टाइल्स, फिटिंग, रंग ही कामं या धावपळीच्या अखेरीला येतात. तोवर पैसे संपत आलेले असतात आणि घरभरणीचं आमंत्रण पाहुण्यांकडे गेलेलं असतं. अशा घाईत ओट्यामागच्या भिंतीवर दोन-तीन दिवसांत टाइल्स चढतात आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं ती भिंत आहे तशीच राहते.

घरातली सगळ्यात अवघड भिंत हीच. नळ, शेगडी आणि विजेचे बोर्ड इथे हाताच्या अंतरावर एकमेकांशेजारी येतात. ओल्या हातांनी जितक्या वेळा या भिंतीवरचे स्विच दाबले जातात, तितके घरात दुसरीकडे कुठेच दाबले जात नाहीत. तरीही तिची आखणी कोणी करत नाही. वायरमन विटांचं काम झाल्यावर येतो, अंदाजाने झिरी मारतो, बॉक्स बसवतो आणि पुढच्या साइटवर जातो. टाइल्सचा मिस्त्री कित्येक महिन्यांनी येतो आणि बॉक्स जिथे असेल तिथे टाइल कापत सुटतो. या दोघांची भेटच होत नाही. मग बोर्डाच्या कडेला टाइलची बोटभर चिरफळी उरते, प्लेट वाकडी दिसते, स्क्रू पोचत नाही, आणि मिक्सर ठेवायच्या जागी सॉकेट नसल्यामुळे एक्स्टेंशन बोर्ड सिंकशेजारी लोळत पडतो. यातली एकही गोष्ट नशिबाची नाही. बोर्ड आणि टाइल्स एकाच दिवशी, एकाच भिंतीवर, एकत्र आखले तर हे सगळं टळतं.

आखणीच्या दिवशी घरात रांधणाऱ्या माणसाने भिंतीसमोर उभं राहिलं पाहिजे. बहुतेक घरांत ती बाई असते आणि बहुतेक घरांत तिलाच कोणी विचारत नाही. मिक्सर कुठल्या हाताला हवा, पीठ कुठे मळणार, पाण्याचा फिल्टर कुठे टांगायचा, फ्रीज कुठे, इंडक्शन आज नसली तरी उद्या घेणार का, हे तिला ठाऊक असतं. ओटा अजून झालेला नसेल तर त्याच्या उंचीची रेघ भिंतीवर मारावी आणि वस्तूंच्या जागा खडूने लिहाव्यात. स्विच मिक्सरच्या मागे येऊ नये, बाजूला यावा. भांडं भरून मिक्सर चालू असताना त्याच्यावरून हात घालून बटण बंद करायची वेळ कोणावरच येऊ नये.

मग वॅटचा हिशेब. घरगुती मिक्सर ५०० ते ७५० वॅटचा असतो. त्याला ६ अँपिअरचा सॉकेट पुरतो. इंडक्शनची शेगडी २००० वॅटची असते. आपल्याकडचा पुरवठा २३० व्होल्टचा, म्हणजे ती जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढते. ती ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवली तर सॉकेट तापतो, आतली पितळी पट्टी सैल पडते आणि एक दिवस प्लास्टिक वितळल्याचा वास येतो. पिनेला कन्व्हर्टर लावून मोठा प्लग छोट्या सॉकेटात घालणं म्हणजे हेच संकट हौसेने आणणं. इंडक्शन, ओव्हन, मायक्रोवेव्ह, किटली यांना १६ अँपिअरचेच पॉइंट हवेत, वायर तांब्याची आणि किमान २.५ चौरस मिलिमीटरची हवी, आणि इंडक्शन किंवा मोठा ओव्हन असेल तर ४ ची. एका सर्किटवर असे दोनपेक्षा जास्त पॉइंट जोडू नयेत. वायर पुढे बदलता येते, पण ती ज्या पाइपातून जाते तो पाइप टाइलमागे कायमचा गाडला जातो. म्हणून पाइप आजच्या गरजेपेक्षा एक माप मोठा घ्यावा. २० मिलिमीटरच्या जागी २५ चा घेतला तर खर्चात फारसा फरक पडत नाही.

आपला गोल पिनांचा तीनपिनी सॉकेट मूळचा ब्रिटिश. १९३४ च्या तिथल्या मानकातले ५ आणि १५ अँपिअरचे सॉकेट आपल्याकडे ६ आणि १६ अँपिअरचे झाले आणि भारतीय मानक १२९३ मध्ये राहिले. ब्रिटनने मात्र १९४७ मध्ये चौकोनी पिनांचा नवा सॉकेट काढला. या जुन्या रचनेतली एक गोष्ट फार मोलाची आहे. वरची अर्थिंगची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड असते. लांब असल्यामुळे वीज पोचायच्या आधी अर्थिंग जोडलं जातं, आणि जाड असल्यामुळे ती चुकूनही फेजच्या भोकात शिरत नाही. ती पिन कापून दोन पिनांवर यंत्र चालवणारे लोक अजून भेटतात. स्वयंपाकघरात हा प्रकार कधीच करू नये.

जागा ठरवताना आधी पाणी आणि गॅस बघायचे. सिंकच्या कडेपासून बोर्ड आडवा किमान एक फूट दूर हवा, जमलं तर दोन फूट. शेगडीच्या थेट वर किंवा मागे बोर्ड नको, कारण वाफ आणि तेलाचा थर स्विचच्या आत जातो. सिलिंडरची जागा मात्र बहुतेक जण विसरतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता ओट्याखाली, जमिनीलगत साचतो. स्विच चालू-बंद होताना आत बारीक ठिणगी पडते. म्हणून सिलिंडरच्या कप्प्यात किंवा त्याच्या शेजारी खालच्या उंचीवर कुठलाही बोर्ड ठेवू नये. फिल्टरसाठी ओट्याखाली पॉइंट हवाच असेल तर तो सिलिंडरपासून दूरच्या कप्प्यात घ्यावा आणि त्याचा स्विच वर, डोळ्यांसमोर ठेवावा.

आता या मुलखाचा खास प्रश्न. इगतपुरीला वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या नाशिक शहरात तो सातशेच्या आसपास असतो. नाशिकच्या वायरमनची जी सवय तिथे चालून जाते, ती घोटीत चालत नाही. आपल्याकडे विजेचे पाइप स्लॅबच्या सळयांमध्ये टाकायची पद्धत आहे. वरच्या मजल्याच्या स्लॅबमध्ये पाणी मुरलं की ते सळईपेक्षा या पाइपाचा रस्ता धरतं, कारण तो आतून मोकळा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये स्विचबोर्डाच्या फटीतून पाण्याचे थेंब टपकतात, ते असेच आलेले असतात. लोक भिंतीला ओल आली म्हणतात, पण भिंत कोरडी असते आणि पाणी थेट वायरींवरून उतरत असतं. वर पत्र्याची शेड असेल तर निम्मा प्रश्न मिटतो. शेड नसेल तर सगळ्यात वरच्या मजल्यावर स्वयंपाकघराचे पाइप स्लॅबमधून न आणता भिंतीवर, बीमच्या खालून केसिंगपट्टीत आणलेले बरे. ते दिसतात, पण ते कोरडे राहतात.

पाऊस इथे पश्चिमेकडून झोडपतो. पश्चिमेची बाहेरची भिंत आणि स्वयंपाकघराची टाइल्सची भिंत एकच असेल, तर बोर्ड त्या भिंतीवर न घेता काटकोनातल्या आतल्या भिंतीवर घ्यावेत. आणि ओली भिंत टाइल्सने झाकायची नाही. टाइलच्या मागे कोंडलेली ओल बाहेर पडायला वाट शोधते, आणि बोर्डाचं भोक ही तिची सगळ्यात सोपी वाट असते. लोखंडी बॉक्स दोन पावसाळ्यांत गंजलेला दिसला तर बहुधा कारण हेच असतं.

झिरी मारण्याचाही एक नियम आहे. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको. घरातल्या पार्टिशनची भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे साधारण ११५ मिलिमीटरची असते. तिच्यात उभी झिरी ३८ मिलिमीटरपर्यंत चालते, आडवी मात्र जेमतेम १९. म्हणजे २५ मिलिमीटरचा पाइप या भिंतीत उभाच टाकायला हवा. बोर्डापासून बोर्डापर्यंत आडवी लांबलचक झिरी मारली की भिंत त्या रेघेवर कमकुवत होते, आणि पुढे नेमकी तिथेच टाइल्सना आडवी भेग पडते. उभ्या पाइपाचा आणखी एक फायदा आहे. पाच वर्षांनी कोणी भांड्यांचं स्टँड लावायला ड्रिल घेऊन आलं, तर बोर्डाच्या वरची उभी रेघ टाळायची एवढं सांगितलं की पुरतं. तिरपा पाइप टाकणाऱ्या वायरमनला तिथल्या तिथे थांबवावं. पाइप गाडण्यापूर्वी भिंतीला टेप लावून मोबाइलवर फोटो काढावेत आणि ते घराच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवावेत.

सगळ्यात जास्त चूक होते ती बॉक्सच्या खोलीत. वायरमन बॉक्सची कड प्लास्टरच्या पातळीला आणतो, कारण तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर प्लास्टरच असतं. पण टाइल्सच्या भिंतीवर त्याच्याही पुढे काही येणार असतं. सिमेंट-वाळूच्या मसाल्यावर टाइल लावायची तर मसाला १२ ते १५ मिलिमीटर आणि टाइल सात-आठ, म्हणजे पृष्ठभाग साधारण दोन सेंटिमीटर पुढे सरकतो. चिकटवायच्या अ‍ॅढेसिव्हवर लावायची तर एक-सव्वा सेंटिमीटर. बॉक्सची कड तयार टाइलच्या पृष्ठभागाशी नेमकी सपाट यायला हवी, म्हणून तो भिंतीतून तेवढा पुढे काढूनच बसवायला हवा. तो मागे राहिला तर प्लेटचे स्क्रू पोचत नाहीत. लांब स्क्रू आणून आवळले की प्लेटमागे आधार नसल्यामुळे सगळा ताण टाइलच्या कडेवर येतो आणि टाइल कोपऱ्यातून तडकते. तो पुढे आला तर प्लेट टाइलला टेकत नाही आणि फटीतून पाणी, झुरळं, तेलाची वाफ सगळं आत जातं. म्हणून टाइल कुठली, किती जाडीची आणि कशावर लावायची हे बॉक्स बसवण्यापूर्वी ठरलेलं हवं. मोरबीचा माल महामार्गाने नाशिकच्या दुकानांत येतो. हवी ती टाइल निवडून तिचा एक नग घरी आणावा आणि वायरमनच्या हातात द्यावा. तो नग भिंतीला धरला की बॉक्स किती पुढे घ्यायचा हे त्याला न सांगता कळतं.

ओट्यावर दोन फूट उंच टाइल्स लावायची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. १२ बाय १८ इंची, म्हणजे ३०० बाय ४५० मिलिमीटरची टाइल आडवी लावली की दोन थरांत दोन फूट भरतात, आणि मधला आडवा सांधा ओट्यापासून ३०० मिलिमीटरवर येतो. बोर्डाची सोयीची उंचीही साधारण तीच असते. हा योगायोग वापरून घ्यावा. बोर्डाचा मध्य बरोबर या सांध्यावर धरला तर खालच्या टाइलला वरून आणि वरच्या टाइलला खालून एकेक खाच पडते. टाइलच्या कडेला खाच घेणं सोपं, पोटात भोक पाडणं कठीण. दुसरा चांगला पर्याय म्हणजे बोर्ड एका टाइलच्या बरोबर मध्यावर आणणं. तेव्हा भोक पाडावं लागतं, पण चारही बाजूंना टाइलची भरपूर रुंदी उरते. वाईट जागा या दोन्हींच्या मधली. बोर्डाची कड सांध्यापासून बोटभर राहिली की तेवढी चिंचोळी पट्टी कापताना तुटते, आणि तुटली नाही तर पहिल्या वर्षात प्लग ओढताना तुटते.

आडवा हिशेबही आधी करावा. आठ फुटी, म्हणजे २४४० मिलिमीटरच्या ओट्यावर ४५० च्या टाइल्स एका टोकापासून लावत गेलं तर पाच पूर्ण बसतात आणि दुसऱ्या टोकाला १८० मिलिमीटरचा तुकडा उरतो. त्याऐवजी मधे चार पूर्ण आणि दोन्ही टोकांना ३१५ चे तुकडे घेतले, प्रत्येक सांधा दोन मिलिमीटरचा धरून, तर भिंत समतोल दिसते आणि उभे सांधे कुठे येणार हे कळतं. मग बोर्ड थोडे इकडेतिकडे सरकवायचे. बॉक्स बसलेला नसताना त्याला चार इंच सरकवायला काही लागत नाही. सगळ्या बोर्डांची उंची एक हवी, आणि ती जमिनीपासून न मोजता लेव्हल ट्यूबने ओट्याच्या रेघेवरून घ्यावी. जमिनीला उतार असतो, लेव्हल ट्यूबमधलं पाणी मात्र चुकत नाही.

टाइल्स लावण्याआधी एक दिवस वायरमनला परत बोलवावं. सगळ्या वायरी पाइपातून ओढून घ्याव्यात, मेगरने तपासाव्यात आणि इन्सुलेशन किमान एक मेगओहम आहे का हे बघावं. अर्थिंगची हिरवी वायर प्रत्येक सॉकेटला आणि लोखंडी बॉक्सलाही जोडलेली हवी. समोरून बघताना अर्थिंग वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. या भागात थोड्या खोलीवर काळा खडक लागतो, आणि उन्हाळ्यात वरची माती वाळली की अर्थिंगचा खड्डा निकामी होत जातो. तो पुरेसा खोल घ्यावा आणि मार्च ते मे त्यात पाणी घालत राहावं. मग वायरींच्या टोकांना टेप लावून, बॉक्समध्ये कागद किंवा थर्मोकोल कोंबून मिस्त्रीच्या ताब्यात द्यावं, म्हणजे आत मसाला जात नाही.

कापण्याची रीत बघण्यासारखी आहे. भिंतीवर वापरायची साधी चकचकीत टाइल आतून सच्छिद्र असते आणि वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते. म्हणून मसाल्यावर लावण्याआधी ती बादलीत भिजत घालतात आणि बुडबुडे थांबले की काढतात. न भिजवता लावली तर ती मसाल्यातलं पाणी शोषून घेते आणि सिमेंट जमतच नाही. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी पीत नाही, म्हणून ती मसाल्याला नीट धरत नाही आणि तिला अ‍ॅढेसिव्हच लागतं. भोक पाडायचं असेल तर चांगला मिस्त्री टाइलवर चौकोन आखतो आणि त्याच्या चारही कोपऱ्यांत आधी बारीक बिटने गोल छिद्र पाडतो. टोकदार आतला कोपरा म्हणजे भेगेची सुरुवात. गोल छिद्रावर ताण वाटला जातो आणि भेग पुढे सरकत नाही. मग तो टाइल पालथी करून मागच्या बाजूने हिऱ्याचं पातं उतरवतो. पातं गोल असल्यामुळे ज्या बाजूने ते शिरतं तिथे काप लांब जातो आणि दुसऱ्या बाजूला आखूड राहतो. लांब गेलेला काप मागच्या बाजूला लपतो आणि समोरचा कोपरा स्वच्छ राहतो. भोक बॉक्सपेक्षा किंचित मोठं आणि प्लेटपेक्षा लहान हवं. ही जागा बोटाच्या जाडीइतकीही नसते. इथे ज्याचा हात स्थिर, तो खरा मिस्त्री. पातं चालू असताना तोंडाला मास्क आणि पात्यावर पाण्याची धार हवीच, कारण टाइलच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. मजुरी देताना आपण हे कधी विचारातच घेत नाही.

टाइल बसल्यावर भोकाच्या चारही बाजूंनी नखाने ठोकून बघावं. पोकळ आवाज आला तर मागचा मसाला ओला आहे तोवरच ती टाइल काढून पुन्हा लावायला लावावी. प्लग खेचण्याचा रोजचा ताण याच कडेवर येतो.

घर जुनं आणि बोर्ड जुनेच असतील तरी तंत्र हेच. मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून प्लेट सोडवावी आणि टाइल प्लेटच्या कडेखाली सरकवावी. प्लेट जागेवर ठेवून तिच्याभोवती टाइल कापणारा मिस्त्री काम लवकर उरकतो, पण ती फट पुढे कधीच बुजत नाही. जुन्या बॉक्सची खोली कमी पडली तर वर वाढीव चौकट बसवून घ्यावी.

शेवटी आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच. यावर मी अडून बसेन. बोर्डातला १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नसतो. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातले चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर मोजमाप करून दाखवलं की हाताची पकड सुटेनाशी व्हायला पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत साडेदहा मिलिअँपिअर पुरतात. म्हणजे एमसीबी पडायच्या हजारपट आधीच माणूस चिकटलेला असतो. याच अभ्यासातून त्यांनी १९६१ मध्ये गळती ओळखून वीज तोडणारं यंत्र बनवलं. आपल्याकडे घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावतात. तेवढी गळती झाली की तो ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो आणि एवढ्या थोड्या वेळात हृदयाची लय सहसा बिघडत नाही. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या गावात, ओल्या हातांच्या भिंतीवर याच्याशिवाय वीज देऊच नये. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं, आणि दर महिन्याला आरसीसीबीवरचं चाचणीचं बटण दाबून तो पडतो का हे बघावं.

यंदा सोंगणीनंतर ओट्याचं काम काढणार असाल, तर वायरमन आणि टाइल्सचा मिस्त्री या दोघांना एकाच सकाळी घरी बोलवा, निवडलेली टाइल समोर ठेवा आणि भिंतीवरच्या रेघा दोघांच्या सहमतीनेच मारून घ्या.